बारा होड्यांचा लूप

ज्यांना ही थाप वाटेल, त्यांनी तोंडवलीच्या मच्छीमार संस्थेत जावं आणि कपाटातला काळा रिसिव्हर एकदा हुंगून यावं.

मग बोलावं.

दीपिका माझी मावसबहीण, संस्थेत कॉम्प्युटरचं काम बघते. घडलं ते गेल्या नोव्हेंबरात, लख्ख दुपारी. ना अमावास्या, ना मध्यरात्र.

संस्थेच्या बारा होड्या. दुपारी दोनला प्रत्येक होडीवाल्याला वाऱ्याचा इशारा फोनवरून जायचा. मगच होड्या दर्यावर. हे काम वर्षानुवर्षं संस्थेतले म्हातारे दाजी करायचे. माणूस कामाला पक्का, पण घाणेरडा! गालात तंबाखू कायम. बोलताना थुंकी रिसिव्हरवर उडायची. शेवटी खाकरणं...

आणि खिडकीतून पिचकारी.

दीपिकाला ते ऐकूनच मळमळायचं.

मेमध्ये दाजी वारले. तिने पहिलं काम काय केलं, तर फोनची वायर कापली, तो कपाटात टाकला आणि साबणाने तीनदा हात धुतले.

मग तिने फोन लावणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिली. सकाळी इशारा स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करायचा. दोनला संस्थेचं मशीन एक ते बारा लूप फिरवणार, दर फेरीला एका होडीला फोन. तिच्या लॅपटॉपवर चाचणीत बाराही फेऱ्या झाल्या. पावसाळी बंदी उठली आणि ऑगस्टपासून काम सुरू.

नोव्हेंबरात एका गुरुवारी तिने सहज लॉग, म्हणजे मशीनची नोंदवही, उघडला.

रोज एकच ओळ.

एकच फेरी... आणि तीही कुठल्याच होडीची नाही.

चूक तिला लगेच कळली. 'एक ते बारा' तिने कंसात थोडक्यात लिहिलं होतं. लॅपटॉपवरच्या बॅश शेलला, म्हणजे हुकूम वाचणाऱ्या प्रोग्रामला, ते समजतं. संस्थेच्या मशीनवरचा शेल जुन्या वळणाचा. त्याने अख्खा कंसच एका होडीचं नाव म्हणून धरला, एक फेरी मारली आणि गप्प बसला. असली चूक नवशिक्यांची! तिला स्वतःचीच किळस आली. तीन महिने एकाही होडीला इशारा गेला नव्हता, आणि सात नंबरच्या होडीवर तिचा सख्खा भाऊ होता, जितेंद्र.

ती धावत किनाऱ्यावर गेली. जितेंद्र जाळं सारखं करत होता.

"दादा, दोनचो फोन तुका येता?"

"येता गो. रोज येता. दाजीचो आवाज कॉम्प्युटरात घातलंस मगे तू?"

ती तशीच संस्थेकडे वळली.

"पण ता शेवटचा खाकरणा तरी काप. जेवणावर शिसारी येता."

परत येऊन तिने कपाट उघडलं. वायर तुटलेलीच होती. पण रिसिव्हर...

ओला होता.

भोकांत तपकिरी, चिकट, ताजं काहीतरी.

तिने फिनेल ओतून तो घासला. लूपही नव्याने लिहिला: एकपासून सुरुवात, बारा होईपर्यंत एकेक वाढव. कुठल्याही शेलला कळेल असा. तीन वेगवेगळ्या शेलांवर चालवून पाहिला. बारा, बारा, बारा.

"आता बघते कोण थुंकतं ते," ती म्हणाली.

शुक्रवारी दोनला तिच्या आवाजात बाराही फोन गेले. आज जाऊ नका, वारा फिरणार आहे.

तीनला ती किनाऱ्यावर गेली...

एकही होडी नव्हती.

म्हातारा गंगाराम तेवढा बसला होता. "फोन इलो तुझो. पण दाजी बोलाक नाय. दाजी थांबा म्हणाक नाय म्हणजे वारो नाय, असा म्हणान गेले सगळे."

जितेंद्रचा फोन लागेना. रेंजच्या बाहेर. पश्चिमेला आभाळ काळं होत आलं होतं.

दीपिका संस्थेत धावली. तिने नवा लूप पुसला. जुना, चुकीचा, कंसासकट परत लिहिला. चालवला.

एक फेरी. एक ओळ.

शांतता...

मग कपाटात कुणीतरी खाकरलं.

तंबाखूचा आंबूस वास खोलीभर पसरला. ओढणी तोंडावर दाबून ती उभी राहिली. आत कुणीतरी एकेक नाव घेत होतं. तिने मोजलं. बारा. सातवं जितेंद्रचं.

पाचच्या आत बाराही होड्या परतल्या. मागोमाग वारा आला.

"रेंज नाय, काय नाय, तरी फोन वाजलो," जितेंद्र होडीतून उतरत म्हणाला. "दाजी म्हणालो, 'जितू, मागे फिर.' नि खाकारलो."

दीपिका आता मुलांना ऑनलाइन शिकवते, लूप असा लिहा की कुठल्याही शेलवर चालेल. संस्थेच्या मशीनवर मात्र तो चुकीचाच लूप आहे. कुणाला हात लावू देत नाही. रोज अडीचला ती नाक दाबून कपाट उघडते आणि रिसिव्हर पुसते.

परवा मी विचारलं, कशी पुसतेस ती घाण?

"किळस येता गो. रोज येता. पण ज्या दिवशी तो सुको गावतलो ना..."

तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. दोन वाजायला आले होते.