लालासाहेबांची बंद गाडी

खासगी तपास करणारी क्रांती माधवनगरला पोचली, तेव्हा निवृत्त सुभेदार लालासाहेबांची जुनी गाडी अंगणात पुन्हा बंद पडली होती.

"हे दस्तगीरचं काम हाय," ते म्हणाले. "त्याच्या गॅरेजात सुरू होती, घरी आणली की बंद. पैशासाठी मुद्दाम बिघाड ठिवतो, चोर हाय त्यो. मी सगळ्यांना सांगितलंय, त्याच्याकडं गाडी टाकू नका. आता पोलिसांत जायचंय, पुरावा पायजे. तुमी एकट्याच आलात?"

त्यांच्या डाव्या हाताला उभा असलेला क्रांतीचा मदतनीस तानाजी खाकरला.

गाडीला पुढून डावीकडे पोचा होता. "हे काय?" क्रांतीने विचारलं.

"कोन तरी घासून गेलं आसंल."

"गाडी एकदाही नीट चालली नाही?"

"पुतण्यानं फलटणला नेली, तवा लय झ्याक पळाली. मी बसायचं म्हटलं की बंद."

"रात्री कुलूप असतं?"

"व्हय. किल्ली माझ्याकडं आसती," चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी रंगूबाई म्हणाल्या.

सांगलीत दस्तगीरच्या गॅरेजात एकही गाडी नव्हती.

"फ्यूज बसवला, चालू झाली," तो म्हणाला.

"जुना जळला होता?"

दस्तगीर हात पुसत राहिला. "नवा बसवला, ताई."

"ते तुम्हाला चोर म्हणतात."

"म्हणू द्या."

"हाच तो," बाहेर आल्यावर तानाजी म्हणाला. "सरळ उत्तर देत नाही." क्रांतीने गाडी परत माधवनगरला वळवायला सांगितली.

"फ्यूज जळलेच नव्हते," लालासाहेबांसमोर बसून ती म्हणाली. "जळले असते तर दस्तगीरनं तसं सांगितलं असतं. कुणीतरी ते काढत होतं. कुलूपबंद गाडीतून, म्हणजे किल्ली असलेल्या माणसानं. पुतण्या चालवणार असला की फ्यूज जागेवर असायचा. थांबवायचं होतं ते तुम्हाला. तानाजी डावीकडे उभा होता, तुम्हाला दिसला नाही. पोचाही डावीकडेच आहे."

लालासाहेबांनी बायकोकडे पाहिलं.

"तुमी ठोकलं ती शाळंची पोरगी हुती," रंगूबाई म्हणाल्या. "सायकल चेपली, ती वाचली. तुमाला कळलंबी न्हाई. मग मीच फ्यूज काढाय लागले. दस्तगीरभाऊंनी वळखलं. मीच त्यांना गप ऱ्हावा म्हनले."



"पोलिसांत जात न्हाई," लालासाहेब म्हणाले. "पर माझ्या डोळ्यांचं कुठं बोलू नका. लोकांना दस्तगीर चोर वाटतोय, तसंच ऱ्हाऊ दे."

रंगूबाईंनी मान खाली घातली.

रस्त्यावर आल्यावर तानाजीने विचारलं, "दस्तगीरला काय सांगायचं?"

"सांगायला काय उरलंय?" क्रांती म्हणाली. "सुभेदार त्यालाच चोर राहू देतील, हे तो आपल्याआधीपासून ओळखून आहे."