एअर फिल्टरमधली वाळू

"हेचा इंजिन मेला गो बाये," जोनाथनमामा म्हणाला. "शनिवारी भंगारवालो येतलो. आता काय उपेग नाय."

डेलिशाने तरीही किकवर अंगातलं सगळं बळ लावलं. किक जागची हलेना.

तोंडवलीला मामाच्या होमस्टेमागच्या शेडमध्ये उभी असलेली ती जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल डेलिशाच्या मम्मीची होती. तरुणपणी मम्मी त्याच गाडीवरून मालवणच्या शाळेत शिकवायला जायची आणि गावातल्या बायका तिला बघायला दारात येऊन उभ्या राहायच्या. पुढे सावंतवाडीच्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती, म्हणून गाडी भावाकडे राहिली. ती भंगारात जाणार हे कळल्यावर मम्मी फोनवर एवढंच म्हणाली, "माझीच चूक. मीच लक्ष दिलं नाही." आणि तिने फोन ठेवून दिला. ते बोलणं डेलिशाच्या फार जिव्हारी लागलं होतं.

"मामा, शनिवारच्या आदी मी गाडी चालू केलंय तर?"

मामा पोट धरून हसला. "तू? बरां. चालू केलंस तर भंगारवाल्याक तसोच परत धाडतंय. शब्द."

भाची आपल्या आईच्या वळणावर गेली आहे, हे बिचाऱ्या मामाच्या ध्यानात आलं नव्हतं.

फौज लगेच उभी राहिली. डेलिशा आठवीतली. मामाचा प्रिन्स सहावीतला, भित्रा पण कामाला वाघ. आणि शेजारचा समर्थ, ज्याचं तोंड झोपेतच काय ते बंद असायचं. समर्थच्या बाबांची मासेमारीची होडी होती, त्यामुळे पाने-पकडी त्याच्या घरून आल्या. मोबाइलवरचे गाडीदुरुस्तीचे व्हिडिओ डेलिशाने पाठ केले होते.

"होडयेत जाळा कसा भरतत म्हायत आसा?" समर्थने मास्तरकी सुरू केली. "जा शेवटाक आत गेला, ता पयला भायर येता. इंजिनाचाय तसाच. जा शेवटाक काडशात, ता पयला लावचा."

मग प्रिन्सने नारळाच्या करवंट्या आणल्या, खडूने त्यांच्यावर आकडे घातले आणि निघेल तो नटबोल्ट ज्याच्या त्याच्या करवंटीत पडू लागला.

पहिल्यांदा उघडला तो हवा गाळणारा डबा, म्हणजे एअर फिल्टर. आतून भसकन मूठभर पांढरी वाळू सांडली. वाळूत शिंपल्याचा एक तुकडासुद्धा होता.

डेलिशाने खाली पाहिलं. शेडची जमीन तांबड्या मातीची. "मामा तर म्हणता, गाडी शेडातसून हललीच नाय. मगे ही वाळू चलत इली?"

प्रिन्सचे कान लाल झाले. त्याला एकाएकी स्वयंपाकघरात काहीतरी तातडीचं काम आठवलं. डेलिशाने ते बरोबर हेरलं, पण तेव्हा ती काही बोलली नाही.

प्लगच्या भोकातून तेल सोडून, लाकडाच्या ठोकळ्याने हलके ठोके देत, दुसऱ्या दिवशी त्यांनी इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे पिस्टनभोवतीचं नळकांडं, एकदाचा उपसून काढला. आतल्या पिस्टनवर वरपासून खालपर्यंत चरे पडले होते. गंज मात्र कुठे औषधालाही नव्हता.

समर्थने शीळ घातली. "ही गंजान नाय गेली. ही तेलाबिगर पळवल्यानी."

टू-स्ट्रोक गाडीला पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यावं लागतं. नुसतं पेट्रोल घातलं की पिस्टन कोरडा घासतो, तापतो आणि जाम होतो. होडीचं मशीनही त्याच जातीचं, म्हणून समर्थच्या घरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्याने गाडीच्या टाकीतल्या पेट्रोलचा एक थेंब कागदावर टाकला आणि शेजारी होडीच्या कॅनमधला दुसरा. होडीचा थेंब उडून गेला तरी मागे तेलकट डाग राहिला. टाकीतल्या थेंबाचा मागमूसही उरला नाही.

आता प्रिन्सला राहवेना. "पावण्यांनी फिराक मागल्यानी. पप्पांनी दिल्यानी. दर्यावर वाळयेत नेल्यानी, पंपावर पेट्रोल भरल्यानी... पप्पांका माझा नाव सांगू नको गो."

"मी कायच सांगूचंय नाय," डेलिशा म्हणाली. "ते आपणच सांगतले."

समर्थच्या बाबांनी ब्लॉक मालवणच्या वर्कशॉपमध्ये नेऊन आतून गुळगुळीत कोरून आणला, त्या मापाचा नवा पिस्टनही आणला. डेलिशाने पिस्टनच्या रिंगा बसवल्या, ब्लॉक चढवला, हलकेच किक फिरवली आणि आतून बारीकसा 'टक्' आवाज आला. समर्थ म्हणाला, आवाज काय, येणारच. पण डेलिशाला ते पटेना. तिने मुकाट्याने सगळं परत उघडलं. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या दिशेला हवा होता, तिने तो उलटा बसवला होता! जुने भाग करवंट्यांच्या क्रमाने लागले, पण नवा पिस्टन करवंटीत कधी नव्हताच. ती स्वतःवर चिडली, रडकुंडीला आली आणि पुन्हा कामाला लागली.

शुक्रवारी मम्मी आली, त्या वेळी शेवटचा बोल्ट आवळून होत होता. मामा ऐटीत पेट्रोलची बाटली घेऊन आला. "घे, पंपावरचा ताजा पेट्रोल. ओत टाकीत."

"आणि तेल, मामा?" डेलिशाने भोळा चेहरा करून विचारलं.

"पेट्रोलात तेल कित्याक गो? माझ्या स्कूटरीक मी कदी घालूक नाय."

समर्थला खोकल्याची जोरदार उबळ आली. मम्मी हळूच वळली. "जोनाथन, मगे ही गाडी तेलाबिगर चालवल्यान कोणी? तू कोणाक दिललंस?"

डेलिशाने वाळूची करवंटी आणि थेंबांचा कागद मम्मीसमोर धरला. मामाने आढ्याकडे पाहिलं, मग पायांकडे. "दारात इलेल्या पावण्याक नाय कसा म्हणूचा? आपल्या पप्पांनी ताच शिकयल्यानी मां?"

"आणि बहिणीक फसवूक कोणी शिकयल्यान? इतके दिस मी माकाच दोष दितंय!"

मामाची मान खाली गेली. समर्थने मापाने तेल मिसळलं. डेलिशाने किक मारली. काही नाही. दुसऱ्या किकला इंजिन नुसतं खोकललं. तिसऱ्या किकला निळ्या धुराचा लोट उठला, कोंबड्या माडांकडे पळाल्या आणि सगळी शेड धडधडायला लागली. डेलिशाला वाटलं, आपणही आतून तसंच धडधडतोय. इतका अभिमान तिला आजवर कोणत्याही बक्षिसाचा वाटला नव्हता.

शनिवारी टेम्पो आला तेव्हा मम्मी नवा कुडता घालून अंगणात गाडीवर बसली होती. भंगारवाला इंजिनाचा आवाज ऐकतच राहिला. "मेस्त्री खंयचो? कणकवलीचो?"

मामाने खाकरून घसा साफ केला. "खंयचोच नाय. मोडलंय मी, आणि केल्यान ह्या माझ्या भाचयेन. हे दोघे तिचे असिस्टंट."

भंगारवाल्याने डेलिशाला चक्क हात जोडले. समर्थने लगेच छाती पुढे काढली आणि प्रिन्स बापाकडे बघून हसला.

मम्मी सीटवर पुढे सरकली. "बसा, मेस्त्री. मालवणात जावंक होया."

डेलिशाने ग्रीसने माखलेले हात मम्मीच्या कमरेभोवती घट्ट घातले, आणि आपल्या नव्या कुडत्यावरच्या काळ्या डागांकडे न बघता मम्मीने गाडी सोडली.