धक्क्यावरची घंटा

ती धक्क्याकडे निघाली होती ती नवऱ्याला जेवायला बोलवायला, बस्स.

सकाळी दोघांचं भांडण झालं होतं, छत्री कोण विसरलं यावरून. लग्नाच्या चौथ्या वर्षी छत्रीचं भांडण छत्रीवरून होत नसतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. एकत्र राहायचं की नाही ते दोन दिवसांत शांतपणे ठरवू, असं म्हणून दोघं या मासेमारीच्या लहानशा गावात आली होती. ती वकील, तो लिफ्ट दुरुस्त करणारा. तिला सगळं आत्ताच्या आत्ता हवं, त्याला उद्या चाललं तरी चालतं. "मी जरा समुद्रात फिरून येतो," तो म्हणाला होता. "ये की, कोणी अडवलंय?" असं ती तोडून बोलली, आणि तो एका म्हाताऱ्याच्या भाड्याच्या होडीत बसून गेला.

पण दुपारपर्यंत तिचा राग विरघळला होता. राहायचं. एकत्रच राहायचं. हे त्याला सांगितल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरणार नव्हता.

धक्क्यावर पोहोचेपर्यंत धुकं उतरलं. आधी क्षितिज गेलं, मग नांगरलेल्या होड्या, मग धक्क्याचं टोक. ओल्या जाळ्यांचा आणि डिझेलचा वास तेवढा दाट झाला. टोकाशी एका खांबाला घंटा टांगलेली होती आणि एक जाडजूड मावशी ती वाजवत होती. ठण... थांबून पुन्हा ठण. त्या आवाजाच्या रोखाने एकेक होडी धुक्यातून बाहेर येई.

"आलात का जावईबापू? वाटलं, मासळीनेच तुम्हाला पकडलं!" मावशी ओरडायची.

"तुझ्या हातचं खायचं म्हणून मुद्दाम उशीर करत होतो, सासूबाई!" खालून उत्तर यायचं.

शेवटची होडी लागली, तशी मावशीने कमरेचं फडकं काढलं आणि घंटेच्या लोलकाला घट्ट गुंडाळून बांधलं.

"अहो मावशी, थांबा! माझा नवरा आहे अजून पाण्यात."

"म्हाताऱ्याच्या होडीत ना? ती इथे नाही लागत, बाई. टेकडीपलीकडच्या वाळूवर लागते. तिकडे जाऊन बघा."

"आणि नसला तिकडे तर? वाजवा ना, तुमचं काय जातंय?"

मावशीचा आवाज एकदम खाली आला. "आमच्या होड्या आल्या की घंटा बांधायची. धुकं जाईपर्यंत सोडायची नाही. ज्यांची वाट कोणी बघत नाही, त्यांनाही ऐकू येते ती."

"कमाल आहे! माणूस बुडेल तिकडे, आणि तुम्ही नियम सांगताय मला?"

नियम माणसांसाठी असतात, माणसं नियमांसाठी नसतात, हे ती रोज कोर्टात पोटतिडकीने मांडायची. तिने पुढे होऊन फडकं ओढून काढलं आणि दोरी धरली. मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. ती धक्क्यावरून मागे सरत गेली, आणि तिच्यामागोमाग जाळी आवरणारे सगळेच. पावलं वाजली, दारं लागली.

ती वाजवत राहिली. हात भरून आले तरी वाजवत राहिली. "अरे, ये ना परत!" ती धुक्यात ओरडली. "ऐकतोयस का? माझी चूक झाली!"

"अगं, काय चाललंय हे?"

आवाज मागून आला. तिने वळून पाहिलं. तो धक्क्यावर उभा होता, केस दमट, धापा टाकत. "पलीकडच्या वाळूवर उतरलो आम्ही. टेकडीवरून चालत आलो. घंटा कसली वाजवतेस?"

तिचा जीव भांड्यात पडला. दोरी सोडून तिने त्याच्या छातीवर डोकं टेकलं.

तेव्हा पाण्यातून वल्ह्यांचा आवाज आला.

चुबुक... चुबुक... कोणीतरी हळूहळू जवळ येत होतं. मग होडीचं लाकूड खाली धक्क्याच्या दगडाला घासलं.

"अगं..." खालून आवाज आला. दमलेला, थंडीने कापणारा. त्याचाच. "घंटा थांबवू नकोस ना... काही दिसत नाहीये मला. हात दे."

तिने वर पाहिलं. नवरा तिच्याकडे टक लावून बघत होता.

"कोण आहे रे खाली?" तिने कुजबुजत विचारलं.

"कोणी नाही. चल."

"अगं, छत्री मीच विसरलो होतो..." खालचा आवाज म्हणाला. "मीच. आता तरी हात दे..."

दगडाच्या कडेवर चार बोटं आली. ओली, पांढरी पडलेली. ती ओळखीची आहेत की नाहीत, हे बघायला तिने पाऊल उचललं, पण तिच्या मनगटावरची पकड आवळली.

"इकडे बघ," तो म्हणाला. "मी इथे आहे ना?"

होता. उबदार होता, श्वास घेत होता. डोळ्यांपुढचं सोडून धुक्यातल्या आवाजावर कोण विश्वास ठेवेल? तिने पाठ फिरवली. दोघं धावत सुटली. मागून हाका येत राहिल्या, आधी मोठ्याने, मग रडक्या, मग काहीच नाही. त्या गप्प झाल्या तेव्हा तिला हुंदका फुटला, आणि तो का फुटला हे तिला सांगता आलं नसतं.

बसथांब्यावर लख्ख ऊन होतं. धुक्याचा मागमूस नव्हता. बाकावर बसल्या बसल्या तिने त्याला सांगून टाकलं, "आपण एकत्रच राहायचं. ठरलं माझं."

"राहायचं," तो म्हणाला. "कायमचं."

त्याने बूट काढले. "पाणी शिरलंय," असं पुटपुटत एक उलटा केला. खाऱ्या पाण्याची धार पडली. मग दुसरा केला. बूट बाजूला ठेवून त्याने तिच्याकडे पाहिलं आणि प्रेमाने हसला.

मग न बघताच त्याने पहिला बूट पुन्हा उचलून उलटा केला. पाणी पडायला लागलं. तिच्या चपलांखालून ते रस्त्यावर वाहत गेलं, आणि धार काही थांबेना.