फुंकर

लाइट येईपर्यंत इथंच बसा. सानिका, तो मोबाइल खाली ठेव. सांगतो, पण मध्ये बोलायचं नाही.

आपल्या वरच्या खोलीत इंद्रजित भाड्यानं राहायचा, आठवतो? साताऱ्याचा. एका खासगी इस्पितळाच्या टिश्यू बँकेत कामाला होता. मेलेल्या माणसाच्या घरच्यांनी हृदय दान केलं की त्यातल्या झडपा काढून घेतात आणि अँटिबायोटिकच्या द्रावणात बुडवून ठेवतात. जंतू मरावेत म्हणून. मग सीलबंद करून गोठवतात, पुढं गरज असेल त्याला बसवतात. हे त्यानंच मला सांगितलं. पुढचंही त्यानंच.

गेल्या वर्षी, संक्रांतीच्या आदल्या रात्री. तुमची काकू तीळ भाजत होती. इंद्रजित जिन्यावरून उतरला आणि म्हणाला, एक झडप द्रावणातून काढायची वेळ झालीय, जाऊन येतो. बाराबंकीकडचा एक तरुण अपघातात गेला होता, त्याची. गोंडा जिल्ह्यातली एक लहान मुलगी अशा झडपेसाठी खोळंबली होती. बाहेर कोहरा एवढा दाट, की त्याच्या स्कूटरचा दिवा फाटकापाशीच दिसेनासा झाला.

लॅबबाहेरच्या बाकावर शाल पांघरलेली एक बाई बसली होती. वयस्कर, लहानखुरी. त्या मुलाची आई असणार, असं त्याला वाटलं. तिनं विचारलं, "भैया, उस दवा में उसे जलन तो नहीं होती?"

"नहीं अम्माजी. कुछ पता नहीं चलता."

"बचपन में दवा लगवाते बहुत रोता था," ती म्हणाली.

तो आत गेला आणि नियमाप्रमाणे दाराला आतून कडी घातली. गाऊन, मास्क, हातमोजे चढवले आणि जंतुरहित हवेच्या काचेच्या कपाटात हात घालून काम सुरू केलं. झडप चिमट्यात धरून द्रावणातून उचलली.

मानेला वारा लागला.

त्या खोलीची खिडकी उघडतच नाही.

पुन्हा लागला. बारीक. थंड. थांबून थांबून... पोराच्या खरचटलेल्या गुडघ्याला औषध लावताना आई घालते ना... तशी फुंकर.

समोरच्या काचेत त्याच्या खांद्यामागं शालीची कड दिसत होती.

त्याला वळता येईना. हात आत. चिमट्यात झडप. जराशी कुठं टेकली, तर वाया. आणि फुंकर पुढं सरकत होती... खांद्यावरून... कपाटाच्या तोंडाकडं.

तो मागं न बघता हळूच म्हणाला, "अम्माजी, फूँकिए मत. ये एक बच्ची को लगनी है."

...

फुंकर थांबली.

पण मागून कोणी गेलं नाही. ती तशीच उभी. त्यानं झडप धुतली. पिशवीत घातली. सील केली. दुसरी पिशवी. तीही सील केली. हात बाहेर काढले. मग वळला.

कोणी नाही. कडी आतून तशीच.

गोठवायचं काम उरकून तो खाली आला आणि राजेशला, म्हणजे पहारेकऱ्याला, बाईबद्दल विचारलं. वर कोणालाच सोडलं नव्हतं, असं राजेश म्हणाला. त्या मुलाचा भाऊ एकटाच आला होता. संध्याकाळी राजेशपाशी बसून चहा घेताना रडला होता, की बरं झालं, अम्मा आधीच गेली, तिला हे बघावं लागलं नाही.

झडपेच्या सगळ्या तपासण्या स्वच्छ आल्या. होळीनंतर त्या मुलीला बसवली. आता ती शाळेत जाते, पळते, आईच्या शिव्या खाते. इंद्रजितनं नोकरीही सोडली नाही.

एकच गोष्ट राहिली. अशा कामाच्या वेळी खोलीतल्या हवेत जंतू आहेत का ते कळावं म्हणून एक बशी उघडी ठेवतात. पडलेला जंतू त्यात वाढतो आणि ठिपका दिसतो. त्या रात्री ती बशी इंद्रजितच्या मागच्या टेबलावर होती. दोन दिवसांनी त्यानं ती उजेडात धरली.

पाच ठिपके. चार कमानीत... एक जरा खाली, बाजूला.

त्यानं झाकणावरून आपली बोटं त्यावर धरून पाहिली.

त्याचा हात मोठा पडला.