तांडेलांच्या फियाटचं रबर

शिवा गॅरेजवाला सावंतवाडीला आनंदीबाईंच्या दारात आला तेव्हा त्याच्या हातात दाराच्या रबराचा तुकडा होता आणि डोळ्यांत पाणी. पन्नाशीचा बाप्या रबरासाठी रडतो म्हटल्यावर कुणालाही हसू येईल. आनंदीबाईंना आलं नाही. वीस वर्षं खाजगी चौकशा केल्यावर, माणूस रबरासाठी रडत नसतो एवढं कळतं हो!

"सुदेश तांडेलाच्या जुन्या फियाटीक सा म्हयन्यांआधी मी नवीन रबरां बसवलंय," शिवा म्हणाला. "आता ती फुगली, चिकट झाली. दारां लागनत नाय. सुदेश म्हणता, मी डुप्लिकेट माल घातलंय. बाई, आमी बालवाडीपासनाचे दोस्त. शुक्रवारी त्याच्या लेकीचा, आरोहीचा लगीन, नवरी त्याच गाडयेत बसतली. आणि माका सांगल्यान, लग्नाक येव नको!"

सोमवारी सकाळीच आनंदीबाई मालवणला तांडेलांकडे निघाल्या. मागोमाग त्यांचे यजमान भाई. चौकशीत भाईंचा उपयोग शून्य, पण मालवण म्हणजे मासे, आणि मासे म्हणजे भाई.

फियाट अंगणात झावळ्यांच्या मांडवाखाली उभी होती. दाराशी दोन मांजरं ठाण मांडून बसलेली. भाईंनी गाडीजवळ उभं राहून खोल श्वास घेतला.

"आहा! आनंदी, आज बांगडे नक्की!"

आनंदीबाईंनी दाराच्या रबरावरून बोट फिरवलं. खाली बोट रुतलं, चिकटलं. वरच्या कडेला मात्र रबर ठणठणीत, काल बसवल्यासारखं.

"हलको माल, दुसरा काय!" सुदेश तडकला. "मित्र म्हणान डोळे मिटून भरवसो ठेवलंय."

त्याचा चुलतभाऊ जितेंद्र पर्यटकांना होडीतून फिरवायचा. ही फियाट त्याला हवी होती आणि मिळाली नाही, हे गावाला माहीत.

"मी रागान रॉकेल ओतलंय म्हणतत," तो हसला. "माका येळ खंय? काकांची लाकडाची होडी गेली ता एक बरा झाला. माझी फायबरची. तिका ना तेल चोळूचा लागता, ना काय."

सुदेशची आई गंगू खुर्चीत बसली होती. पाठीत वाकलेली, आणि इतकी बुटकी की पाय जमिनीला टेकत नव्हते.

"खारो वारो कोणाक सोडता, बाये?" ती म्हणाली. "आमचे हे गेले, मगे होडी इकली. त्यांची म्हणान ही गाडी तेवढी रवली. ती मी जपतंय."

जेवायला डाळ, भात आणि भोपळ्याची भाजी आली. भाईंचं तोंड बघण्यासारखं झालं.

"सोमवार आसा, भावजी," सुदेशची बायको शर्मिला ओशाळून म्हणाली. "आज घरात मासे नाय."

आनंदीबाईंचा घास हातातच राहिला. जेवणं उरकताच त्यांनी शिवाला बोलावणं धाडलं आणि सगळ्यांना गाडीपाशी जमवलं.

"रबर डुप्लिकेट असतं तर वरपासून खालपर्यंत सगळं गेलं असतं. वरचं शाबूत आहे. म्हणजे कुणीतरी काहीतरी लावलंय, आणि एका बुटक्या, वाकलेल्या माणसाचा हात पोचतो तिथवरच लावलंय. रॉकेल? त्याच्या वाऱ्याला मांजर उभं राहणार नाही. इथली हलत नाहीत. आमच्या ह्यांना इथे बांगडे दिसले, चुलीवर तर डाळ होती. मग वास कसला?"

"माशाचं तेल!" भाई ओरडले. लग्नानंतर पहिल्यांदाच ते बायकोच्या आधी बोलले.

आनंदीबाई गंगूसमोर बसल्या. आवाज खाली आला, भाषाही बदलली.

"आये, होडयेचा तेल किती उरला?"

"अर्दो डबो," गंगू म्हणाली. "चाळीस वर्सां त्याच तेलान होडी टिकवलंय. आता होडी नाय. रोज सकाळी तुमी मासळीच्या लिलावाक गेलास की रबर पुसतंय. सुकान भेगा पडतत ना?"

"अगो आये, सांगूक नाय ता!" सुदेश किंचाळला.

"माका कोणी इचारल्यान?"

"लाकूड तेल पितं आणि टिकतं," आनंदीबाई म्हणाल्या. "रबर पितं आणि फुगतं. त्याला साबणाचं पाणी, सुकं फडकं, वर ग्लिसरिनचा हलका हात आणि सावली. बास."

गंगूचा चेहरा पार उतरला. "माझ्या हातान शिवाक बोल लागलो?" तिने पदर डोळ्यांना लावला. "मेल्या, माफ कर माका."

"गप गो आये," शिवा म्हणाला, आणि स्वतःच रडायला लागला. सुदेश मान खाली घालून उभा होता.

गुरुवारी नवी रबरं बसली. शिवाने गंगूला ग्लिसरिनची बाटली दिली, तिने हुंगून बघितली. "हेका वासच नाय. लावलंय की नाय, कळतला कसा?"

शुक्रवारी आरोही फियाटमध्ये बसली. स्टिअरिंगवर शिवा, नवा सदरा घालून. आमंत्रणाच्या अक्षता सुदेशने स्वतः त्याच्या घरी नेऊन दिल्या होत्या, पण मनातलं तोंडातून निघालं नव्हतं. आता तो दार धरून उभा राहिला.

"शिवा, मी तुका जा बोललंय..."

"दार हळू लाव रे," शिवा म्हणाला. "रबर नवीन आसा."

सुदेशने दोन्ही हातांनी दार लावलं. पहिल्याच खेपेला लागलं.