बारा निळे टाके

गालिचा जमिनीवर पसरला होता. निळी किनार सुतासारखी बारीक झाली होती. तिच्या बाहेरची पिवळी पट्टी तर दिसतच नव्हती.

"नक्षी माझी," ताई म्हणाल्या. कारखाना त्यांच्या धाकट्या भावाचा होता. "भाऊ म्हणतो, माझे डोळे गेले. आता घरी बस म्हणाला. खरंच माझं चुकलं का, तेवढं शोधून द्या."

ताईंनी बोलावलेल्या वहिनींचा व्यवसाय खासगी तपासाचा. सोबत त्यांचे दीर, भाऊजी, असत; ते हाक मारत म्हणून सगळेच त्यांना वहिनी म्हणत. दातांचा दवाखाना बंद केल्यापासून भाऊजींना घरात करमत नसे.

ताईंनी संगणकावर एक ओळ दाखवली: २०पि१२नि३(२ला४पां).

"वीस पिवळे टाके, बारा निळे. मग दोन लाल, चार पांढरे, हा कंस तीनदा. प्रोग्राम ही ओळ सोडवतो आणि एकेका टाक्याचा रंग यंत्राला देतो. कमी पडलं तर यंत्र उरलेली जागा पांढऱ्यानं भरतं."

भाऊजींनी गुडघे टेकून टाके मोजले. "पिवळा एकही नाही. निळे दोनच. लाल-पांढरं मात्र बरोबर तीनदा आलंय."

"ओळ तर बरोबर दिसते," वहिनी ताईंच्या भावाला, म्हणजे मालकांना, म्हणाल्या.

"आता दिसते. बिघडल्यावर तिनं दुरुस्त केली असेल."

प्रोग्रामरला फोन करून बोलावलं. तो आला तोच बुचकळ्यात पडलेला. "मी हा प्रोग्राम पायथन भाषेत लिहून दिलाय. कधी तक्रार नव्हती. मला कुणी काही कळवलंच नाही."

"तो कुणाला बदलता येतो?" वहिनींनी विचारलं.

"ऑफिसात बसणाऱ्या कुणालाही."

ऑफिसात तिघंच बसत: मालक, ताई आणि मालकांचा मुलगा. मुलगाही नक्षी काढायचा. त्याचा गालिचा ताईंच्या पाठोपाठ त्याच यंत्रावर विणला गेला होता, अगदी निर्दोष.

"आत्याचं वय झालं," तो म्हणाला. "तिला आता दगदग नको." त्यानं आपली ओळ उघडली: ९नि३नि४(२ला५पां).

"सुरेख. गेल्या वर्षीचं काही आहे?" वहिनींनी विचारलं.

त्यानं हौसेनं जुनी ओळ काढली: १५हि१०ला.

"हीसुद्धा छान," भाऊजी म्हणाले. वहिनींनी फक्त मान हलवली आणि सगळ्यांना संगणकापाशी बोलावलं.

"प्रोग्राम आकडा कसा वाचतो?" त्यांनी प्रोग्रामरला विचारलं.

"एकेक अंक. आधीचा दहानं गुणायचा आणि नवा त्यात मिळवायचा." तो पडद्याकडे वाकला. "इथला गुणाकार गेलाय. नवा अंक जुन्याला पुसतोय."

"म्हणजे बाराचे दोन झाले आणि विसाचं शून्य," वहिनी म्हणाल्या. "एका अंकाचे आकडे शाबूत राहिले, म्हणून कंस तीनदा आला. ताईंची ओळ पहिल्यापासून बरोबर होती."

"पण गुणाकार कुणी काढला?" भाऊजींनी विचारलं. "कुणीही काढला असेल."

"काढता कुणालाही आला असता, भाऊजी. पण काढलाय हे ठाऊक कुणाला होतं? बारा निळे हवे असले की माणूस बारा लिहितो. ह्या मुलानं गेल्या वर्षी पंधरा सरळ लिहिले. या खेपेला मात्र नऊ आणि तीन. नऊच्या पुढे प्रोग्राम चुकतो हे माहीत असल्याशिवाय असं कोण लिहील?"

मुलगा पडद्यापासून मागे सरला.

"एकदाच बिघडवणार होतो," तो हळूच म्हणाला. "बाबा मला तिच्या जागी बसवतील, मग गुणाकार परत घालीन म्हटलं."

"तू आता या कारखान्यात पाऊल..."

"त्याचं नंतर बघ," ताईंनी भावाला थांबवलं. "त्याला माझी जागा हवी होती, म्हणून त्यानं केलं. तू का केलंस? प्रोग्रामरला एक फोनसुद्धा न करता मला घरी बस म्हणालास."



ताईंनी पर्स खांद्याला लावली. "नक्षी हवी असेल तर घरी ये. पण भाऊ म्हणून नको, गिऱ्हाईक म्हणून ये."

मालक दारापर्यंत त्यांच्या मागे गेले. पुढे त्यांना जाववलं नाही.