डिक्कीवरच्या दोन थापा

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या मामाच्या मुलीच्या, सुवर्णाताईच्या बाबतीत.

आणि रात्री नाही. भर दुपारी.

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. कॅलिफोर्नियात डोंगरांच्या मधोमध लेक टाहो नावाचं मोठं तळं आहे. ताई आणि तिचा नवरा अतुल सनीवेलहून तिकडे निघाले होते. तेव्हा मी त्याला दाजी म्हणायचे. आता नुसतं अतुल म्हणते, तेही नाइलाजाने.

बर्फाच्या वादळाची वॉर्निंग आदल्या दिवसापासून फोनवर येत होती. बरोबर येणाऱ्या मित्रांनी कॅन्सल केलं. ताईनेही नको म्हटलं. पण अतुलच्या डोक्यात एकदा काही बसलं की बसलं. घाट लागायच्या आधी ताईने विचारलं, बर्फात टायर घसरू नयेत म्हणून लावायच्या साखळ्या घेतल्यास ना? डिक्कीत आहेत, म्हणाला.

पुढे हायवे बंद होता. जीपीएसने तळ्याकाठचा एक आडरस्ता दाखवला आणि साहेबांनी गाडी त्यात घातली.

थोड्याच वेळात सगळं पांढरं झालं. झाडं गेली, तळं गेलं, रस्ता गेला. गाडी घसरली आणि कडेच्या बर्फात रुतून बसली.

डिक्कीत साखळ्या नव्हत्या. त्या घरी गराजमध्येच होत्या, आणि हे त्याला निघतानाच माहीत होतं.

फोनला रेंज नाही.

ताई घाबरली, पण तिचं डोकं ठिकाणावर होतं. अशा वेळी काय करायचं ते तिने वाचलं होतं. गाडी सोडायची नाही. काच बोटभर उघडी ठेवायची. आणि हीटरसाठी इंजिन चालू ठेवायचं तर सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजू द्यायचं नाही. ते बुजलं की विषारी वायू आत येतो. त्याला वास नसतो. माणूस झोपतो... आणि उठत नाही.

अतुल म्हणाला, मी थोड्या थोड्या वेळाने उतरून साफ करतो. मागची काच बर्फाने झाकली होती, तो आतून दिसणार नव्हता. म्हणून त्यांनी खूण ठरवली. आपल्याकडे गाडी मागे घेताना मागचा माणूस डिक्कीवर थाप मारतो ना, तशी. साफ झालं की दोन थापा.

तो उतरला.

धप्... धप्.

आत आला. पुन्हा उतरला, पुन्हा दोन थापा, पुन्हा आत.

मग तिसऱ्यांदा उतरला.

धप्... धप्.

आत आला नाही.

ताईने वाट पाहिली. हाका मारल्या. बाहेर नुसता वारा. तिने दार ढकलून पाहिलं, पण बर्फ दाराला टेकला होता. ती रडकुंडीला आली, तेवढ्यात मागून...

धप्... धप्.

तिच्या जिवात जीव आला. बाहेरच आहे बिचारा. आपल्यासाठी त्या थंडीत उभा आहे. साखळ्यांचा राग तिने तिथल्या तिथे सोडून दिला. "अतुल, आत ये ना आता," ती दोन-तीनदा म्हणाली.

उत्तर नाही. पण थापा येत राहिल्या. थोड्या थोड्या वेळाने. न चुकता.

हळूहळू तिचे डोळे मिटायला लागले.

तेव्हा एक आवाज आला.

टिंग... टिंग... टिंग...

सीटवर बसून बेल्ट लावला नाही की गाडी वाजते, तो आवाज. तिच्या शेजारच्या सीटचा.

दार उघडल्याचं तिने ऐकलं नव्हतं.

"आलास?" तिने डोळे न उघडता विचारलं.

कोणी बोललं नाही. फक्त तिच्या हातावर एक हात आला. गारठलेला, ग्लोव्ह नसलेला. तिने तो घट्ट धरला आणि तिला झोप लागली.

तिला जाग आली ती काचेवरच्या ठकठकीने. बर्फ हटवणाऱ्या मशीनचा ड्रायव्हर होता. ताईचं पहिलं वाक्य, माझा नवरा मागे आहे.

मागे कोणीच नव्हतं.

गाडी टपापर्यंत गाडली गेली होती. फक्त मागची बाजू लख्ख मोकळी होती. तिथला लाल दिवा दिसला म्हणूनच तो थांबला होता. सायलेन्सरभोवतीचा बर्फ हातांनी उकरलेला. बोटांच्या खुणा ताज्या होत्या. ताईने त्यांवर आपली बोटं ठेवून पाहिली.

त्या खुणा तिच्या बोटांपेक्षा लहान होत्या.

ड्रायव्हर तिला जवळच्या लॉजवर घेऊन गेला. अतुल बर्फात गेला असं समजून ती रस्ताभर रडत होती.

लॉजमध्ये शेकोटीजवळ अतुल बसला होता. हातात सूपचा बाऊल.

तो उठून धावत आला. मदत आणायला आलो होतो, सगळ्यांना सांगायला लागला. तेव्हा कोपऱ्यातला एक म्हातारा उठला. त्याच्याच पिकअपमधून अतुल आला होता. तो ताईला म्हणाला, मी विचारलं होतं, गाडीत आणखी कोणी आहे का. हा नाही म्हणाला. माझ्याकडे एकच जागा होती, बाई आहे कळलं असतं तर मी बाईला बसवलं असतं.

जिच्या जोरावर ताई गाडीत जगली होती, ती माया तिथेच आटली.

तरी अतुलने पुण्याला मामा-मामींना फोन करून सांगितलं, की मीच शेवटपर्यंत सायलेन्सर साफ करत होतो. मामांनी त्याचे आभार मानले. माझं डोकं आजही फिरतं ते आठवलं की.

ताई सनीवेलचं घर सोडून इकडे शॉमबर्गला, आमच्याकडे राहायला आली. एक दिवस अतुलचा फोन आला.

"तिसऱ्यांदा मी मागे गेलोच नव्हतो, सुवर्णा. मी दाराजवळच उभा होतो. मागून थापा आल्या. मी घाबरून पळालो."

"घाबरून पळालास, ते मी समजू शकते," ताई म्हणाली. "पण गाडीत कोणी नाही, हे भुताने नाही सांगितलं. ते तू सांगितलंस."

आणि तिने फोन ठेवला.

आता ताईने स्वतःची नवी गाडी घेतलीय. परवा आम्ही डेव्हन ॲव्हेन्यूच्या देशी दुकानांत किराणा आणायला निघालो. मी पुढचं दार उघडलं.

"तू मागे बस," ताई म्हणाली.

मी मागे बसले. ताईने वाकून शेजारच्या रिकाम्या सीटचा बेल्ट ओढला आणि लावला. मी विचारलं, हे कशाला?

"नाहीतर वाजत राहतं."

डीलरने त्या सीटचा सेन्सर तपासलाय. बिघाड काही नाही.

पूर्ण रस्ताभर आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही. दोघी म्हणजे... मला दिसत होत्या तेवढ्या.